मोरधोंड्याचे तांबे

एकाच खड्ड्यातला दगड तीन वेळा तपासला गेला, आणि तिन्ही वेळा त्याने निरनिराळी साक्ष दिली.

पहिली तपासणी १९१७ सालची. महायुद्धामुळे तांब्याचे भाव चढले होते, आणि कोणा परदेशी कंपनीने किन्हीराजा गावाच्या वरच्या अंगाला, मोरधोंड्याच्या डोंगरात, तांब्यासाठी खड्डा खणला. डोंगराचे नाव त्याच्या रंगावरून पडलेले. त्याचा कातळ जागोजागी मोराच्या मानेसारखा हिरवा. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने दगड पाहिला आणि निर्वाळा दिला की, दगड हिरवा आहे हे खरे, पण त्यात तांब्याचा अंशही नाही. कंपनीने गाशा गुंडाळला. वीसेक वर्षांनी वाशीमच्या एका व्यापाऱ्याने हौसेने त्याच खड्ड्यातला दगड तपासून घेतला, तर त्यात थोडे तांबे निघाले. व्यापारी पुढे वारला आणि गोष्ट तिथेच थांबली. आणि १९५३ साली डोंगराखालच्या तांड्याचे नाईक भाऊसिंग यांनी पोतेभर दगड बैलगाडीत घालून स्वतः अकोल्याच्या कचेरीत नेऊन टाकले, आणि पुढच्या वर्षी नागपूरहून उत्तर आले की तांबे चांगल्या प्रमाणात आहे. जागेवर तपास व्हावा.

तो तपास मारोतराव गावंडे यांच्याकडे आला. मारोतराव मूळचे अकोटकडचे, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, वयाने पन्नाशीचे. निम्मे आयुष्य तंबूत गेलेले. तीन निकाल त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. एकदा नाही, मग थोडे, मग पुष्कळ. पिकासारखे दगडात तांबे उगवते की काय? उगवत असेल, तर आजवर शिकलेली सारी विद्या विहिरीत टाकावी लागेल. नसेल, तर तिघांपैकी कोणीतरी चुकले असले पाहिजे. कोण चुकले, आणि कसे, हे जाणून घेण्याची उत्सुकता त्यांना स्वस्थ बसू देईना. १९५४ च्या कार्तिकात, तुळशीचे लग्न आटोपताच, त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

तांडा डोंगराच्या पायथ्याशी पळसाच्या रानाला लागून होता. गाडी थांबली तेव्हा नाईकांच्या घरासमोर बाजेवर एक जाडजूड गृहस्थ पान चघळत बसला होता, आणि तांबडा फेटा बांधलेले भाऊसिंग त्याच्यासमोर उभे राहून हुज्जत घालत होते.

"बाबूलाल, येकदा सांगतलं ना तुले? औंदा तांडा हालत नाई."

"अन् खासान काय, नाईक? दगड?"

"दगडच खाऊ. तांब्याचा हाय आमचा दगड."

बाबूलालने पिंक टाकली. "पाहा बाप्पा. येत्या बाजारापावतर वाट पाहतो. मंग अनसिंग गावाकडचे मानसं गाडीत घालतो अन् निंघतो. तवा माह्या नावानं बोंबलू नोका."

बाबूलाल हा अकोल्याच्या कापूस-कारखान्यांसाठी मजूर गोळा करणारा मुकादम होता. दरवर्षी दिवाळी झाली की त्याच्या गाड्या येत, आणि तांड्यातली हातीपायी धड माणसे पोराबाळांसह सरकी काढायच्या यंत्रांवर, रेच्यांवर, कामाला निघून जात ती उन्हाळा पुरता तापल्यावरच परतत. मागे राहत ती म्हातारी माणसे आणि शेळ्या. बंजाऱ्यांचा मोठा सण होळीचा. लेंगीची गाणी आणि गोल धरून नाच रात्रंदिवस चालायचा. पण गेल्या कित्येक होळ्यांना इथे गोल धरायलाही माणसे पुरली नव्हती. नागपूरचे उत्तर हाती येताच भाऊसिंगांनी दसऱ्याला साऱ्यांसमोर शब्द देऊन टाकला होता की, यंदा कोणी जायचे नाही, सरकार इथेच खाण काढणार, यंदाची होळी सगळा तांडा घरी खेळणार. नाईकाचा शब्द तो कायदाच. तांडा थांबला, पण घरोघरच्या कणग्या काही नाईकाचा शब्द ऐकून भरत नव्हत्या.

मुकादम निघून गेल्यावर भाऊसिंगांनी ही सारी हकीकत सांगितली आणि शेवटी हळूच विचारले, "साहेब, बाजाराच्या आंदी नक्की सांगता येईन का?"

"नक्की सांगतोच असं म्हणत नाही, नाईक. पण त्याच्या आधी सांगायचा सगळा जोर लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मारोतराव खड्ड्यावर गेले. सोबत भाऊसिंग आणि टेप धरायला रूपला नावाचा गडी. रूपला चाळिशीचा, चार लेकरांचा बाप. काम कमी आणि तोंड जास्त चालवणारा.

खड्डा नुसता खड्डा नव्हता. डोंगराच्या उतारावरून आत जाणारी एक लांब, अरुंद, खाली उतरत जाणारी वाट कंपनीने कातळातून कापली होती. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, आणि तळाशी गुडघाभर पाण्याचे डबके. भिंती पाहून मारोतरावांचे पाऊल क्षणभर थबकले. काळ्या पाषाणात सर्वत्र हिरव्या रंगाचे ठिपके, रेघा आणि गाठी पसरल्या होत्या.

"पाह्यलं का साहेब?" भाऊसिंगांच्या स्वरात मालकी होती. "हे सारं तांबं!"

"हे कसं झालं ते आधी ऐका," मारोतराव म्हणाले आणि हातातली काठी भिंतीवर आडवी फिरवली. "हा डोंगर म्हणजे थरावर थर रचलेले मांडे समजा. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस निघाला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा. रस थिजताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले, भाकरी फुगते तसे. मागाहून पाण्यानं त्या पोकळ्यांमध्ये हिरवी माती भरली. ही माती आपल्याकडे ठिकठिकाणी सापडते, अन् तिचा हिरवेपणा लोखंडामुळे असतो, तांब्यामुळे नव्हे."

"म्हंजे यात तांबं नाई म्हनता?"

"यात असू नये म्हणतो. पण तुमच्या पोत्यात निघालं ते खरंच. म्हणून तर आलो."

मारोतरावांची रीत ठरलेली होती. दगडाचा कपचा काढायचा, कुटून पूड करायची, चिनी मातीच्या वाटीत नत्राम्लात घालून स्पिरिटच्या दिव्यावर ऊन करायची, मग पाणी घालून त्यात घासून चकचकीत केलेले चाकूचे पाते बुडवायचे. तांबे असेल तर लोखंडावर तांबडा लेप चढतो. नसेल तर नाही. भिंतीच्या वरच्या कडेचा, सर्वांत हिरवागार दिसणारा दगड त्यांनी आधी घेतला. पाते बुडाले आणि जसेच्या तसे बाहेर आले.

"आता तुम्ही पोतं कुठनं भरलं, ते दाखवा."

भाऊसिंगांनी डाव्या भिंतीतली एक ओलसर फट दाखवली. तिथल्या हिरव्यात किंचित निळसर झाक होती. पूड आम्लात पडताच फसफसली. पाते बुडवले, आणि बघता बघता त्याच्यावर तांबडी झळक उमटली.

"बाप्पा रे!" रूपला ओरडला. "दगडानं चाकूले कुकू लावलं!"

भाऊसिंगांनी फेटा काढून पुन्हा बांधला. इतका आनंद त्यांना दुसऱ्या कशाने व्यक्त करता येईना. "रूपला, पय घरी. याडीले सांग, गूळ काढ म्हनून." आईला ते बंजारी रीतीने याडी म्हणत.

"गूळ राहू द्या, नाईक," मारोतराव म्हणाले. पण त्यांचे स्वतःचेच मन आता जागेवर नव्हते. वर नाही आणि इथे आहे. एकाच थरात, चार हातांच्या अंतरावर.

त्यांनी पहिला तर्क केला तो शास्त्राला धरूनच होता. वरच्या एखाद्या थरात तांबे असेल, पावसाच्या पाण्याबरोबर ते झिरपत असेल आणि खड्ड्याच्या फटींमध्ये साचत असेल. तसे असेल तर पहिल्या रसायनतज्ज्ञाला ते न सापडण्याचे कारणही मिळत होते. तेव्हा भिंती नुकत्याच कापलेल्या, कोरड्या होत्या. तर्क देखणा होता. मारोतरावांनी पुढचे दोन दिवस डोंगराच्या वरच्या उतारावर घालवले. काटेरी झुडपांतून, ओघळींतून, दोन थरांच्या मधल्या भाजक्या तांबड्या मातीच्या पट्ट्यातून त्यांनी नमुने गोळा केले. सांजेला तंबूसमोर वाट्यांची रांग लागे आणि पात्यामागून पाते बुडे. एकावरही लेप चढला नाही.

"साहेब," रूपला काटा काढता काढता म्हणाला, "डोंगराच्या डोस्क्यात काईच नाई, अन् पायात तांबं! हा तं आमच्या सासऱ्यावानी हाय. डोकं रिकामं, पायात तांब्याचे तोडे."

"सासरा तोडे घालतो?"

"सासूचे घालते. नाचाच्या वक्ती."

मारोतराव हसले, पण देखणा तर्क मोडल्याची रुखरुख होतीच. आणि बाजार जवळ येत होता. तांड्यातून जाताना बायका त्यांच्याकडे पाहून बोलणे थांबवीत, पुरुष नुसते राम राम करीत आणि उत्तराची वाट पाहत उभे राहत. एका घरासमोर गाडीचे जू काढून तेल पाजणे चालले होते. शब्द दिला होता नाईकांनी, पण तयारी मात्र कोणी सोडली नव्हती.

तेव्हा मारोतरावांनी तर्क करणे सोडले आणि मोजणे धरले. डोंगराला प्रश्न नीट विचारला नाही, तर तो उत्तर तरी कसे देणार? त्यांनी दोन्ही भिंतींवर खडूने चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीतला एक कपचा घेतला, आणि मोठ्या कागदावर भिंतीचे चित्र काढून, तांबे निघाले तिथे तांबड्या पेन्सिलीचा ठिपका आणि नाही तिथे काळा, अशी मांडणी सुरू केली. हे काम कंटाळवाणे होते, आणि रूपलाने तसे वारंवार बोलूनही दाखवले.

चित्र पुरे झाले तेव्हा ऊन कलत होते. मारोतरावांनी तो कागद दगडावर पसरला आणि ते त्याच्यावर वाकले.

तांबडे ठिपके सगळे खालच्या बाजूला होते, हे तर आधीच कळले होते. पण त्यांची वरची सीमा पाहण्यासारखी होती. डोंगराचे थर आडवे. पाण्याच्या पातळीसारखे सरळ. तांबे जर डोंगराचे असते, तर त्याची सीमाही आडवी राहिली असती. इथे ती तिरपी होती. खड्ड्याची वाट जशी खाली उतरत गेली होती, तशीच तिच्याबरोबर ठिपक्यांची सीमाही खाली उतरत गेली होती, कुठेही वाटेपासून जास्त उंच न जाता.

वाट कापली कंपनीने. डोंगराला त्या वाटेची काय खबर?

मारोतराव उठले, भिंतीला लागून उभे राहिले आणि हात वर केला. बोटांची टोके तांबे निघालेल्या सर्वांत वरच्या चौकटीच्या थोडी पुढे गेली. ते चार पावले खाली उतरले, पुन्हा हात वर केला. पुन्हा तसेच.

"काय करून राह्यले साहेब?" रूपलाने घाबरून विचारले. "आंगात आलं का?"

"रूपला, हे तांबं डोंगराचं नाही. माणसाचं आहे. माणूस इथे उभा राहिला अन् त्याचा हात जिथवर पोचला, तिथवरच ते आहे. अन् माणूस माझ्यापेक्षा थोडा बुटका आहे."

त्यांनी निळसर झाक असलेली एक फट निवडली आणि चाकूने हलकेच कोरायला सुरुवात केली. वर दगडासारखा कडक झालेला मातीचा गिलावा होता. तो निघाला, आणि आत एक हिरवीगार, खडबडीत चकती दिसली. बोटात धरताच तिचे पापुद्रे सुटले. आत तांबड्या धातूचे पातळसे कडे उरले होते आणि मधोमध आरपार छिद्र.

रूपलाने मान पुढे केली आणि त्याचा आ वासला. "हा तं भोकाचा पैसा!"

शेजारच्या फटीत तसाच आणखी एक. त्याच्या पलीकडे जुना, राजाचे मुंडके पुसून गेलेला. त्याही पलीकडे नुसताच हिरवा कल्क. पैसा पुरता दगडाच्या पोटात गेलेला. पहिले कडे रुमालात बांधून मारोतराव जवळजवळ धावतच तांड्यात आले.

भाऊसिंग घरीच होते. त्यांची आई धनीबाई उंबऱ्याशी बसून ओढणीला आरसे टाकीत होती. सत्तरी गाठलेली, हातभर गोंदण, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. मारोतरावांनी रुमाल उघडून कडे नाईकांपुढे धरले आणि अजून तोंड उघडतात तोच म्हातारी ताडकन उठली.

"कोनं काढला ह्यो?"

"मी काढला, बाई."

"काहून काढला? कोनाच्या फटीतला हाय? अरे, कोनाचं येनं अडवलं तुमी! जाय, ठिवून ये आंदी. जसा व्हता तसा ठिव!"

"याडी," भाऊसिंग चकित होऊन म्हणाले, "काय हाय हे?"

"बायाईचं काम हाय. तुले काय करा लागते?"

मारोतराव ओट्यावर बसले. "बाई, आजच्या आज परत ठेवतो, शब्द देतो. पण तुम्ही सांगितलं नाही तर तुमच्या लेकाचं मोठं नुकसान होईल. बाजार परवा आहे."

धनीबाईने लेकाकडे पाहिले. लेकाचे तोंड उतरलेले होते. ती पुन्हा बसली, पण सुई हातात घेतली नाही.

"साहेबाची खान बंद पडली, त्याच्या दुसऱ्या वर्साले मानमोडीची साथ आली," ती सांगू लागली. "मानसं पटापट मरून राह्यले व्हते. तवाच आमाले कामावर जा लागलं. माह्या सासूनं निंघाच्या दिवशी घरच्या हरेक मानसाच्या नावानं येकेक पैसा त्या खड्ड्यात ठिवला. आपली वस्तू डोंगरापाशी राह्यली तं डोंगर मानसाले परत बलावते, असं थे म्हने. त्या साली तांड्यातले लय गेले. आमच्या घरचं येकबी नाई गेलं. तवापासून साऱ्या बाया ठिवतात. जाच्या दिवशी, पहाटी."

"कसा ठेवता? नुसता?"

"नुसता कायले? देवाले मळकं देते का कोनी? चिंच-मिठानं घासून लख करतो, त्यातच बुडवून फटीत बशिवतो, अन् वरून वल्ली माती."

चिंचेचे आम्ल, मीठ, ओल आणि छत्तीस वर्षे. मारोतरावांनी डोळे मिटले. तांबे विरघळवून दगडात मुरवायला याहून नेमकी युक्ती त्यांनाही सुचली नसती. १९१७ मध्ये नाही, मग थोडे, मग पुष्कळ. तिघांपैकी कोणीच चुकले नव्हते.

"पन आमाले काहून नाई सांगतलं कोनं?" भाऊसिंगांनी विचारले.

"सांगतलं असतं तं ठिवले असते का तुमी तिथं? पैसे काढून दारू पेले असते." दारात जमलेल्या बायकांमध्ये खसखस पिकली. "म्हनून तं खड्ड्यात साहेबाचं भूत हाय म्हनून सांगतलं. भूत आमीच सोडलं व्हतं."

रूपला कपाळाला हात लावून खाली बसला. "आयला! मी लहानपनापासून त्या भुताले भेऊन राह्यलो! अन् थे माह्याच मायनं सोडलं!"

सगळे हसले. भाऊसिंग हसले नाहीत. "याडी, मी पोतं भरून आनलं, तवा तं तू इथंच व्हती."

"तू दगडं आनले बाप्पा. पैशाले कोनं हात लावला? मले काय ठाऊक तू दगडात काय शोधून राह्यला!"

नाईक उठले आणि रानाच्या दिशेने निघून गेले. मारोतरावांनी म्हातारीला दिलेला शब्द पाळला. खड्ड्यावर जाऊन कडे होते त्या फटीत बसवले आणि वर ओली माती लिंपली. लिंपताना त्यांच्या मनात आले की पुढच्या तपासनिसाची आपण सोयच करून ठेवतो आहोत. पण शब्द तो शब्द.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भाऊसिंग तंबूपाशी आले. चहाचा पेला हातात तसाच धरून ते मोरधोंड्याकडे पाहत राहिले.

"साहेब, येक इचारू? तुमी कागदावर संशय ठिवला तं?"

"कसला संशय?"

"तांबं असन, नसनबी. मशीन आनून खोल पाहा, असं लेहा. मशीन याले रस्ता लागन. रस्त्याले मानसं लागतीन. तांडा इथंच राहीन. खोटं नाई म्हनत मी. नुसता संशय."

ही गोष्ट किती सोपी आहे, हे मारोतरावांना भाऊसिंगांपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. एक वाक्य पुरेसे होते, आणि खात्यात त्या वाक्याला कोणी हसलेही नसते. समोरच्या माणसाला नकार देणे त्यांच्या जिवावर आले होते.

"नाईक, मशीन कधी येईल असं वाटतं तुम्हाला?"

"ह्या महिन्यात?"

"माझा कागद नागपूरला जाईल. तिथून वरच्याकडे. वरचा आणखी कोणाला विचारेल. दोन पावसाळे जातील, अन् मग मशीन येईल नाहीतर येणार नाही. मी अशी गावं पाहिली आहेत. एका 'कदाचित'वर माणसं वर्षानुवर्षं बसून राहिली. तोवर तांडा काय खाईल?"

"दगड," भाऊसिंग म्हणाले, आणि स्वतःच ओशाळे हसले.

"संशय मला उरलेला नाही. तो आहे असं मी लिहिणार नाही. पण हे मी तुम्हाला बाजाराच्या आधी सांगतो आहे. एवढंच माझ्या हातात होतं."

पेल्यातला चहा निवून गेला होता. भाऊसिंगांनी तो एका घोटात संपवला. "मंग उद्या बाजारात माह्यासंगं चाला. मुकादमाले मी माह्या तोंडानं सांगन. तांड्यालेबी सांगन. पन थो हासला, तं तुमी बाजूले उभे असा."

किन्हीराजाच्या बाजारात बाबूलालने लिंबाच्या सावलीत ठाण मांडले होते. मागे त्याच्या बैलगाड्या ओळीने उभ्या होत्या. भाऊसिंग, मारोतराव आणि रूपला येताना दिसताच त्याने दुरूनच हाक दिली.

"या नाईक! निंघाली का खान?"

आसपासच्या माना वळल्या. मारोतराव नाईकांच्या जरा जवळ सरकले. पण भाऊसिंग थेट पुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निंघाली तं! पन थे आमच्या बायाईनंच भरलेली निंघाली. छत्तीस वर्सं पैसा पेरला त्याईनं अन् मी पोतं भरून सरकारले पीक दाखवून आलो!"

एकच हशा उसळला. जो हसणार होता त्याच्या आधी स्वतःच हसून घेतल्यावर त्याच्या हाती काय उरते? बाबूलालही हसला, पण लगेच त्याने हसू आवरले. मारोतरावांच्या नजरेला मोजायची सवय जडलेली होती. ती गाड्यांकडे गेली. गाड्या रिकाम्या होत्या. एकीतही बोचके नव्हते, लेकरू नव्हते, कोंबडीची टोपली नव्हती. त्यांनी नाईकांकडे पाहिले. नाईकही गाड्यांकडेच पाहत होते.

"अनसिंगाकडचे मानसं नाई दिसत, बाबूलाल?"

"येऊन राह्यले."

"कोनच्या वाटेनं? त्याईले तं दुसऱ्या मुकादमानं कवाच नेलं म्हनतात."

ही बातमी खरी होती की नाईकांनी जागच्या जागी रचली होती, ते मारोतरावांना कळले नाही. बाबूलालच्या चेहऱ्यावरून मात्र ती लागू पडली, हे स्पष्ट दिसले. त्याने पान थुंकले. "बरं, बोला. कवा निंघता?"

"निंघतो. पन होळीले सोडा लागन."

"होळीले? डोकं ठिकानावर हाय का? ऐन हंगाम असते तवा!"

"साऱ्या तांड्याले सोडा लागन. आठ दिवस. गाड्या तुह्या. न्याच्याबी अन् आनाच्याबी. मंग उरलेलं काम करतो अन् उन्हाळ्यात येतो."

"आठ दिवस रेचे बंद ठिवू? मालक मले उभा पिंजन, नाईक!"

"मंग राहू दे," भाऊसिंग शांतपणे वळले. "चाल रूपला. आपन दगड खाऊ."

ते चार-सहा दुकाने ओलांडून गेले. मिरच्यांच्या ढिगापाशी थांबून नाईकांनी भावही विचारला. रूपला घामाने निथळत होता. "नाईक, थो खरंच गेला तं?" तो पुटपुटला. भाऊसिंगांनी एक मिरची मोडून वास घेतला. मारोतरावांच्या ध्यानात आले की तिच्या बिया नाईकांच्या बोटांतून गळताहेत.

"पाच दिवस!" मागून बाबूलालचा आवाज आला.

नाईक वळले नाहीत. "गाड्या?"

"माह्या. पन पाच दिवसाच्या वर येक घडी नाई. अन् येकबी मानूस मांगं राह्यला, तं पुढच्या साली तुह्या तांड्याचं नावबी घेनार नाई!"

"गंगाजळीवर हात ठिवून शपत घे."

"अरे, बाजारात गंगाजळी कुठून आनू? हा पाहा, साहेबासमोर सांगून राह्यलो!"

तेव्हा कुठे भाऊसिंगांनी हातातली मिरची खाली टाकली. मारोतरावांनी साक्षीदार म्हणून मान डोलावली. आयुष्यात इतक्या खनिजांना त्यांनी साक्ष दिली होती, पण बोलीच्या शब्दाला पहिल्यांदाच. नाईकांच्या तोंडावर विजय वगैरे काही नव्हता. दसऱ्याचा शब्द मोडला तो मोडलाच होता, आणि संध्याकाळी तांड्यासमोर उभे राहून तो मोडल्याचे त्यांनाच सांगायचे होते. फक्त आता रिकाम्या हातांनी सांगायचे नव्हते.

परतीच्या वाटेवर रूपलाला दम धरवेना. "नाईक, मी पुढं जाऊन सांगू का साऱ्याईले? काय सांगू? सामान बांधा म्हनून?"

दरवर्षी गाड्या भरताना सर्वांत आधी वर चढायचे ते तांड्याचे मोठे डफ. होळी परमुलखात, कारखान्याच्या अंगणात, जमेल तशी खेळायची म्हणून. रूपला त्याचाच विचार करीत होता. "डफं कोनच्या गाडीत टाकू, थेबी सांगून ठिवा."

"सामान बांधा म्हना," भाऊसिंग म्हणाले. "पन डफं घरीच ठिवा. थे इथंच लागनार हायत."